बॅकटेस्टिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? आधी तुमचे दोन नियम तपासू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी सांभाळून ट्रेडिंग करता, भांडवल 3 लाख, एक्सेल चांगलं येतं पण प्रोग्रॅमिंग कधी केलेलं नाही. दोन नियम तयार आहेत. पहिला: निफ्टी 200 (एनएसईवरच्या 200 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) मधल्या शेअरची 20 दिवसांची सरासरी 50 दिवसांच्या सरासरीच्या वर गेली की घ्यायचा, खाली आली की विकायचा. दुसरा: निफ्टी फ्युचरमध्ये (निफ्टी निर्देशांकावरच्या वायद्यात) पहिल्या 15 मिनिटांचा उच्चांक तुटला की खरेदी, नीचांक तुटला की विक्री, विरुद्ध टोकाला स्टॉपलॉस (तोटा थांबवायला बाहेर पडण्याचा भाव) आणि 3:15 ला बाहेर. आता हे नियम जुन्या भावांवर चालवून पाहायला, म्हणजे बॅकटेस्ट करायला, अ‍ॅमिब्रोकर, ट्रेडिंगव्ह्यू, पायथन की कोड न लिहिता चालणारं एखादं संकेतस्थळ, यांतलं काय घ्यावं?

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. हे दोन नियम एकाच पद्धतीने नीट तपासले जाणार नाहीत. नियमांत खोट नाही, पण दोन्हींत फसगत होण्याच्या जागा वेगळ्या आहेत. बॅकटेस्ट करणारं कोणतंही सॉफ्टवेअर शेवटी काही गोष्टी गृहीत धरतं: सौदा कोणत्या भावाला झाला, पैसे कुणाला मिळाले, त्या दिवशी तो शेअर यादीत होता का. ही गृहीतकं ज्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला उघडून पाहता येतात आणि बदलता येतात, ते तुमच्या कामाचं. नफ्याची रेघ किती सुंदर दिसते, रिपोर्टमध्ये किती आकडे येतात, याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही.

पहिल्या नियमापासून सुरू करू, कारण तिथे निवड सोपी आहे. 200 शेअर्स आहेत आणि पैसे 3 लाख. समजा एका शेअरमध्ये 30 हजार घालायचे ठरवलेत, म्हणजे एका वेळी 10 शेअर्स. बाजार पडून सावरतो तेव्हा सरासरी ओलांडणारे शेअर्स एकदम पंधरा-वीस निघतात. त्यांतले कोणते घेणार? वर्णानुक्रमाने पहिले, सर्वांत जास्त उलाढालीचे, की सर्वांत जास्त वाढलेले? तुमच्या नियमात याचं उत्तर नाही आणि स्ट्रॅटेजीचा निकाल बऱ्याच अंशी यावरच ठरतो.

ट्रेडिंगव्ह्यूचा स्ट्रॅटेजी टेस्टर एका वेळी एकच शेअर तपासतो. 200 शेअर्स एकेक करून तपासलेत आणि निकालांची सरासरी काढलीत, तर प्रत्येक शेअरला त्याचं स्वतंत्र भांडवल होतं असं धरलं जातं. तुमच्याकडे भांडवल एकच आहे. अ‍ॅमिब्रोकर मात्र पोर्टफोलिओच्या पातळीवर चालतो. जास्तीत जास्त किती सौदे एकत्र उघडे ठेवायचे, प्रत्येकाला किती रक्कम, हे तिथे सांगता येतं, आणि गर्दी झाली तर कोणाला आधी, हे ‘पोझिशनस्कोअर’ नावाच्या एका ओळीत. टोमाश यानेच्को या पोलिश प्रोग्रॅमरने बनवलेलं हे सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं दिसतं, विंडोजवरच चालतं, आणि त्याची एएफएल ही भाषा शिकावी लागते. पण एक्सेलमध्ये सूत्रं लिहिणाऱ्याला एएफएल जवळची वाटते, कारण तिथेही अख्ख्या स्तंभावर एकदम क्रिया होते. तुमचा सरासरीचा नियम चार-पाच ओळींत बसेल.

या नियमाचा खरा त्रास सॉफ्टवेअरमध्ये नसून यादीत आहे. आजची निफ्टी 200 ची यादी घेऊन 2010 पासून बॅकटेस्ट केलीत, तर निकाल हमखास फुगलेला येईल. येस बँकेचं उदाहरण घ्या. ऑगस्ट 2018 मध्ये 400 रुपयांच्या आसपास असलेला हा शेअर 6 मार्च 2020 रोजी दिवसभरात एकेरी आकड्यापर्यंत उतरला आणि त्याच महिन्यात निफ्टी 50 मधून बाहेर गेला. सत्यम 2009 च्या जानेवारीत गेला. युनिटेक, सुझलॉन, जयप्रकाश असोसिएट्स, रिलायन्स कम्युनिकेशन्स हे सगळे कधीकाळी निफ्टी 50 मध्ये होते. आजची यादी वापरली की अशांपैकी जी नावं आजच्या निफ्टी 200 मध्ये नाहीत, ती तपासणीतून आपोआप गळतात.

लोक इथवर बोलतात आणि थांबतात. दुसरी बाजू तुमच्या नियमासाठी जास्त महत्त्वाची आहे. ट्रेंडमागे जाणारा नियम पडणाऱ्या शेअरमधून तसाही लवकर बाहेर पडतो. पण आज यादीत असलेले कित्येक शेअर्स 2012 मध्ये लहान होते आणि वाढले म्हणूनच यादीत आले. तुमची बॅकटेस्ट ते 2012 मध्येच विकत घेते. त्या वेळी तुम्ही निफ्टी 200 ची यादी उघडली असती तर ते तिथे नव्हतेच. खोट्या नफ्याचा मोठा वाटा इथून येतो.

यावर उपाय कष्टाचा आहे. यादी वर्षातून दोनदा बदलते, मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर, आणि त्या बदलांची निवेदनं एनएसई इंडायसेसकडून प्रसिद्ध होतात. ती गोळा करून तारखेनुसार तक्ता बनवा. एवढं जमत नसेल तर दुसरा चांगला मार्ग आहे: निर्देशांकाची यादी सोडून द्या आणि रोजच्या भावकॉपीतून (दिवसअखेरच्या भावांची फाइल) मागच्या सहा महिन्यांच्या उलाढालीनुसार पहिले 200 शेअर्स निवडा. भावकॉपी एनएसईच्या संकेतस्थळावर मोफत मिळते आणि तीत त्या दिवशी व्यवहार झालेले सगळे शेअर्स असतात, पुढे बुडालेलेसुद्धा. मला हा मार्ग यादीपेक्षा जास्त पटतो. एक सूचना: जुलै 2024 मध्ये भावकॉपीचं स्वरूप बदललं, त्यामुळे जुन्या आणि नव्या फाइल्स जोडताना रकाने जुळवून घ्यावे लागतील.

भावकॉपीत बोनस आणि स्प्लिटची दुरुस्ती केलेली नसते, हेही लक्षात ठेवा. टाटा स्टीलच्या 10 रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे जुलै 2022 मध्ये 1 रुपयाचे दहा शेअर झाले. दुरुस्ती न केलेल्या डेटात भाव एका दिवसात दहावा हिस्सा दिसतो, 20 दिवसांची सरासरी कोसळते आणि सॉफ्टवेअर प्रचंड तोट्यात विक्री दाखवतं. रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तो जुलै 2023 चा दिवस आणखी अवघड, कारण विभाजनाची दुरुस्ती प्रत्येक डेटा विक्रेता सारखी करतोच असं नाही. डेटा विकत घेण्याआधी मी हे दोन शेअर्स मागवून पाहतो. जो विक्रेता हे दोन दिवस नीट दाखवतो, त्याच्याशी पुढचं बोलणं.

आता निफ्टी फ्युचरचा नियम. इथे करार एकच आहे, त्यामुळे पोर्टफोलिओचा प्रश्न येत नाही. इथे सगळं काही एका कॅण्डलच्या (ठरावीक वेळेतले भाव दाखवणाऱ्या चार्टवरच्या एका पट्टीच्या) पोटात घडतं. 15 मिनिटांच्या कॅण्डलमध्ये तुम्हाला चारच भाव दिसतात: सुरुवात, उच्चांक, नीचांक, शेवट. एखाद्या कॅण्डलने तुमचा एंट्रीचा भावही गाठला आणि स्टॉपलॉसही, तर आधी काय झालं? डेटात ते लिहिलेलं नसतं, सॉफ्टवेअर अंदाज करतं. ट्रेडिंगव्ह्यूचा अंदाज असा: सुरुवातीचा भाव उच्चांकाच्या जवळ असेल तर भाव आधी वर गेला, मग खाली, मग शेवटाला, नीचांकाच्या जवळ असेल तर उलट. अंदाज वाजवी आहे, पण अंदाजच. ब्रेकआउटची, म्हणजे उच्चांक-नीचांक तुटण्यावर बेतलेल्या तुमच्या नियमाची, सगळी कमाई अशा अंदाजावर उभी राहू शकते. वरच्या दर्जाच्या सशुल्क योजनेत ‘बार मॅग्निफायर’ मिळतो, जो लहान कॅण्डल उघडून पाहतो. तो नसेल तर 1 मिनिटाचा डेटा घ्या आणि शंका असेल तिथे स्टॉपलॉस आधी लागला असं धरा. स्वतःच्या विरुद्ध धरूनही नियम टिकला तरच पुढे जा.

ट्रेडिंगव्ह्यूच्या मोफत खात्याची आणखी एक मर्यादा लोकांच्या लक्षात येत नाही. तिथे चार्टवर साधारण 5,000 कॅण्डल मिळतात. आपला बाजार 9:15 ते 3:30, म्हणजे 375 मिनिटं. 15 मिनिटांच्या दिवसाला 25 कॅण्डल झाल्या, म्हणजे 5,000 कॅण्डलमध्ये 200 दिवस. 5 मिनिटांवर गेलात तर जेमतेम 66 दिवस. एवढ्यात एखादी तेजी किंवा एखादी मंदी पाहून होते, दोन्ही क्वचितच. ब्रेकआउटला मी किमान 2018 पासूनचा डेटा मागेन, म्हणजे 23 मार्च 2020 चा 13 टक्क्यांचा कोसळा, 2021 ची सलग तेजी आणि त्यानंतरचे कंटाळवाणे, एका पट्ट्यात फिरणारे महिने असं सगळं त्यात येईल.

त्या डेटात दोन प्रकारचे दिवस मुद्दाम काढून पाहा. 24 फेब्रुवारी 2021 रोजी तांत्रिक बिघाडामुळे एनएसईवरचे व्यवहार 11:40 च्या सुमारास थांबले आणि दुपारी 3:45 ते 5 असे पुन्हा चालले. तुमचा नियम 3:15 ला बाहेर पडायचं म्हणतो, पण त्या दिवशी 3:15 ची कॅण्डलच नाही. सॉफ्टवेअरने तो सौदा कुठे बंद केला? काही ठिकाणी तो दुसऱ्या दिवशीपर्यंत उघडा राहिलेला दिसेल. दुसरा प्रकार दिवाळीच्या मुहूर्त ट्रेडिंगचा. तासाभराच्या त्या सत्रातही तुमचा ‘पहिल्या 15 मिनिटांचा’ नियम इमानदारीने सौदे करतो. असे दिवस तारीख देऊन वगळता येत नसतील तर ते सॉफ्टवेअर या कामाला अपुरं आहे.

आणि कृपा करून निफ्टीच्या स्पॉट (मूळ निर्देशांकाच्या) चार्टवर तपासणी करून फ्युचरमध्ये सौदे करू नका. स्पॉट निर्देशांक ही मोजलेली संख्या आहे, तिला कुणी खरेदीदार नसतो. फ्युचर कधी प्रीमियमवर, म्हणजे स्पॉटहून महाग असतो, कधी नाही. महिन्यांचे करार जोडून केलेल्या सलग चार्टमध्ये रोलओव्हरच्या (एक करार संपून पुढच्यावर जाण्याच्या) दिवशी उडी असते, पण तुमचा नियम दिवसात संपतो, त्यामुळे ती तुम्हाला बाधत नाही. रात्रभर सौदा ठेवणाऱ्यांना मात्र ती नीट हाताळावी लागते. हेइकिन आशी कॅण्डलवर बॅकटेस्ट तर करूच नका. ते भाव सरासरीतून काढलेले असतात, बाजारात त्या भावाला सौदा होत नाही.

खर्चाचं गणित एकदा हाताने करा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये कमिशनचा रकाना रिकामा ठेवण्याचा मोह होणार नाही. निफ्टी 24,000 आणि 2025 मधला 75 चा लॉट (एका करारातले नग) धरू, म्हणजे कराराची किंमत 18 लाख. ऑक्टोबर 2024 मध्ये लागू झालेल्या आणि 2025 मध्ये चालू असलेल्या दराने फ्युचरच्या विक्रीवर एसटीटी (सौद्यावरचा कर) 0.02 टक्के होता, म्हणजे 360 रुपये. खरेदीवर मुद्रांक शुल्क 36. दोन्ही बाजूंची दलाली 20 रुपयांप्रमाणे 40, एक्स्चेंजचं शुल्क साठेक रुपये, वर जीएसटी. बेरीज 520 च्या आसपास जाते, म्हणजे लॉटमागे सुमारे 7 पॉइंट. जाता-येता 1-1 पॉइंट स्लिपेज (ठरवलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक) धरलंत तर 9. वर्षाला 200 सौदे झाले तर 1,800 पॉइंट, रुपयांत 1 लाख 35 हजार. तुमचं भांडवल 3 लाख आहे. तुमच्या नियमाचा सरासरी सौदा 9 पॉइंटांहून बराच जास्त कमावत नसेल, तर बाकी सगळं निर्दोष असूनही हाती काही लागणार नाही. दर बदलत राहतात, म्हणून तपासणी आजच्या दराने करा. जुन्या स्वस्त दरांनी मिळालेला नफा पुढे मिळणार नाही.

पायथनबद्दल. शिकायची मनापासून इच्छा असेल तर यापेक्षा मोकळं साधन नाही, आणि मॅक किंवा लिनक्सवरही चालतं. पण पायथनमध्ये चूक करण्याचंही तेवढंच स्वातंत्र्य आहे. आजच्या बंद भावावरून सिग्नल काढायचा आणि आजच्याच दिवसाचा परतावा त्याला जोडायचा, ही चूक पांडाज (पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी) वापरणारे नवखे सर्रास करतात. सिग्नल एक ओळ पुढे सरकवायला विसरलं की अतिशय साधा नियमही सोन्याची खाण दिसू लागतो. ‘व्हेक्टरबीटी’सारखी वेगवान लायब्ररी घेतलीत तर हे भान तुम्हालाच ठेवावं लागतं. ‘बॅकट्रेडर’ एकेक कॅण्डल क्रमाने पुढे सरकवतो, त्यामुळे हळू चालतो, पण नवशिक्याला भविष्यात डोकावण्यापासून पुष्कळसा वाचवतो. प्रोग्रॅमिंग शून्य असताना नोकरीबरोबर स्वतःवर विश्वास बसेल इतपत पायथन शिकायला सहा महिने सहज जातील. तेवढा वेळ द्यायची तयारी असेल तर जरूर द्या, पण तोवर नियम तपासायचं थांबू नका.

कोड न लिहिता चालणाऱ्या संकेतस्थळांना मी तीनच गोष्टी विचारतो. प्रत्येक सौद्याची तारीख, वेळ, भाव असलेली यादी डाऊनलोड होते का? स्लिपेज मला टाकता येतं का? आणि डेटा कुठल्या तारखेपासून आहे? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पुढे जात नाही. कोड आणि डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरवर असण्याचा धोकाही विसरू नका. अमेरिकेतलं क्वांटोपियन हे मोठं व्यासपीठ 2020 मध्ये बंद झालं. त्यांची ‘झिपलाइन’ लायब्ररी खुली असल्याने उरली, बाकी लोकांना आपापलं बिऱ्हाड हलवावं लागलं.

ऑप्शन तुम्ही विचारलेले नाहीत, पण पुढे मोह होतोच म्हणून एवढंच. त्यासाठी प्रत्येक स्ट्राइकचा (करारात ठरलेल्या भावाचा) मिनिटामिनिटाचा, मुदत संपलेल्या करारांचाही डेटा लागतो, आणि तो ब्रोकरच्या एपीआयमधून (सॉफ्टवेअरला थेट डेटा देणाऱ्या सोयीतून) सहसा मिळत नाही. अल्गोटेस्ट किंवा स्टॉकमॉकसारखी संकेतस्थळं त्यासाठी आहेत. मात्र बँक निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी (दर आठवड्याला संपणारे ऑप्शन) 2016 मध्ये आली आणि सेबीच्या आदेशानंतर नोव्हेंबर 2024 मध्ये बंद झाली. त्या आठ वर्षांवर बेतलेली कितीही देखणी बॅकटेस्ट कुणी दाखवली, तरी ते करार आज बाजारात नाहीत.

कोणतंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी तुमचा नियम त्यात घालण्याआधी त्याचीच परीक्षा घ्या. उद्याचा बंद भाव आजच्यापेक्षा वर असेल तर आज घ्या, असा मुद्दाम भविष्य पाहणारा नियम लिहा. अ‍ॅमिब्रोकरमध्ये अशा कोडची तपासणी करणारी सोय आहे, ती इशारा देते का ते पाहा. मग नाणं उडवल्यासारखा, खरेदी-विक्री कशीही करणारा नियम खर्चासकट चालवा. तो तोट्यात जायला हवा. नफ्यात राहिला तर खर्च किंवा भाव कुठेतरी चुकतोय. त्यानंतर तुमचा खरा नियम घ्या आणि वीस सौदे एक्सेलमध्ये हाताने पडताळा. भाव, वेळ, खर्च, सगळं. शेवटी प्रत्येक एंट्री एक कॅण्डल उशिरा करून पाहा. एवढ्याने अर्धाअधिक नफा नाहीसा झाला, तर तो नफा प्रत्यक्षात मिळणं अवघड आहे, कारण खऱ्या बाजारात तुम्हाला थोडा उशीर होणारच.

ऑप्टिमायझेशनचं बटण मी तुमच्या जागी पहिले काही महिने दाबणार नाही. 20 आणि 50 ऐवजी 5 ते 100 मधल्या सगळ्या जोड्या चालवल्या की हजारो निकाल येतात आणि त्यांतला सर्वोत्तम हा बहुतेकदा नुसता योगायोग असतो. पाहायचंच असेल तर शेजार पाहा. 20-50 चांगलं आणि 18-45, 22-55 वाईट असेल, तर 20-50 वर भरवसा ठेवू नका. अ‍ॅमिब्रोकरमध्ये वॉक-फॉरवर्डची सोय आहे: काही वर्षांवर आकडे निवडायचे आणि पुढच्या न पाहिलेल्या वर्षावर तपासायचे. पहिल्या नियमासाठी ती वापरा. आणि किती प्रकार करून पाहिले याची वहीत नोंद ठेवा, फसलेल्यांचीसुद्धा.

पैसे कोणत्या क्रमाने घालायचे तेही सांगतो. पहिला महिना काहीच नाही: भावकॉपी, एक्सेल आणि ट्रेडिंगव्ह्यूचं मोफत खातं. दहा शेअर्सवर पहिला नियम एक्सेलमध्ये चालवा. मग अ‍ॅमिब्रोकरची चाचणी आवृत्ती घेऊन तोच निकाल तिथे येतो का पाहा, आला तर परवाना घ्या. 1 मिनिटाचा फ्युचरचा डेटा एनएसईच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि दुसरा नियमही अ‍ॅमिब्रोकरमध्येच, 1 मिनिटावर चालवा. ट्रेडिंगव्ह्यू चार्ट पाहायला आणि कल्पना पटकन चाचपायला ठेवा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आजच घालून पाहता येईल. कितीतरी बॅकटेस्ट भांडवलाच्या टक्क्यांत सौदे करतात आणि निमूटपणे 0.4 लॉट विकत घेतात. लॉटचा आकडा पूर्णांकातच चालेल असं बंधन घाला आणि भांडवल 3 लाख ठेवा. लोकसभा निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी, 4 जून 2024 रोजी, निफ्टी 1,379 पॉइंट खाली बंद झाला. 75 च्या एका लॉटला ती हालचाल 1 लाख 3 हजारांची होते. तुमचा स्टॉपलॉस त्याआधी लागेलच, पण सुरुवातीची 15 मिनिटं त्या दिवशी किती रुंद होती ते डेटात पाहा, ते पॉइंट 75 ने गुणा आणि येणारी रक्कम एका दिवसात गमावणं तुम्हाला चालेल का ते ठरवा. नसेल चालणार तर दुसरा नियम बाजूला ठेवा आणि शेअर्सवरचा पहिला नियमच आधी पूर्ण तपासा. 30 हजारांच्या सौद्याला त्यात अडचण नाही.